क्रीडा आणि द्यूत : एक विवेक

खेळ आणि करमणूक परमार्थाच्या आड येतात काय, असा प्रश्न वासनिक मंडळींकडून वारंवार येतो. मुले खेळात रमली की वडीलधाऱ्यांना नामस्मरण बुडाल्याची चिंता वाटते. ही चिंता रास्त असली तरी तिच्यात एक भेद करणे अवश्य आहे. श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवान श्रीकृष्ण योग्यास आहार वा विहार टाकावयास सांगत नाहीत. दोन्ही युक्त, म्हणजे परिमित, असावेत एवढेच सांगतात. गोकुळात ते स्वतः गोपाळांसह खेळले. ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंनी लेकरांमध्ये क्रीडा केली. आपल्या पंथाने तर ईश्वराच्या चरित्रासच ‘लीळा’ हे नाव दिले. तेव्हा क्रीडा ही स्वभावतः निषिद्ध नव्हे.

मग निषिद्ध काय? महाभारताच्या वनपर्वात श्रीकृष्ण वनवासी पांडवांस भेटतात. आपण त्या वेळी द्वारकेत असतो, तर न बोलावताही येऊन ते द्यूत थांबविले असते, असे ते युधिष्ठिरास सांगतात. गोपाळांच्या सवंगड्याने द्यूताचा एवढा तीव्र निषेध का करावा? उत्तर सभापर्वात आहे. युधिष्ठिराने धन हरले, राज्य हरले, भाऊ हरले, स्वतःस हरले आणि अखेरीस द्रौपदी पणाला लावली. जे आपले नव्हे तेही पणाला लावण्याची बुद्धी होणे, हेच द्यूताचे लक्षण होय.

लीळाचरित्रातील श्रीचक्रधरस्वामींची एकांकातील लीळा या दृष्टीने चिंतनीय आहे. भडोच येथे हरपाळदेव या नावाने असताना स्वामी द्यूत खेळले आणि द्रव्य हरले. ते फेडण्यासाठी त्यांनी कमळाइसेकडे अलंकार मागितले. तिने ते दिले नाहीत. पुढे पिता विशाळदेव यांनी ते द्रव्य भागविले. परंतु स्वामींनी संसाराविषयी औदासीन्य स्वीकारले आणि रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून गृहत्याग केला. या लीळेतून संसारसंबंधांची मर्यादा प्रकट होते, हा तिचा मुख्य बोध. तथापि गृहस्थाने कमळाइसेस दोष देण्यापूर्वी एवढे पाहावे की, एका डावाने पतीला पत्नीपुढे याचक केले, आणि खेळ दोघांचा असता त्याचे ऋण तिसऱ्याच्या माथी आले. द्रौपदीला नकाराची संधी मिळाली नव्हती. कमळाइसेला ती मिळाली.

याउलट शुद्ध क्रीडा मनुष्यास काय देते, याचे उदाहरण पनवेलकरांच्या अगदी निकट आहे. पनवेल तालुक्यातील शिरढोण हे वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव. त्यांचा जन्म १८४५ सालचा. नोकरीनिमित्त पुण्यास असताना ते लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत शिकले. महात्मा जोतीराव फुले हेही याच वस्तादांचे शिष्य. फडके जन्माने ब्राह्मण, फुले माळी, तर वस्ताद मांग. ज्या काळात सावलीचाही विटाळ मानला जाई, त्या काळात आखाड्याच्या मातीत शिष्याने गुरूपुढे मस्तक नमविले. फडक्यांच्या सशस्त्र मार्गाचा विचार येथे कर्तव्य नाही. अहिंसा हे आपले व्रत आहे. परंतु जातिभेद न मानण्याची जी शिकवण स्वामींनी दिली, तिचा एक पाठ त्या तालमीने न बोलता दिला. तेथे प्रत्येकाने पणाला लावले ते स्वतःचे बळ आणि स्वतःचा घाम. हरणाऱ्याचे काही गेले नाही. उलट तो दुसऱ्या दिवशी अधिक बळकट झाला.

आज द्यूतास फड लागत नाही; ते खिशातील फोनमध्ये येऊन बसले आहे आणि आपणास खेळ म्हणवते. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर २०२५ साली संसदेने बंदीचा कायदा केला. परंतु कायदा दार लावतो, वासना खिडकी शोधते. म्हणून विवेक घरातच जागवावा लागतो.

तेव्हा आईवडिलांनी मुलास ‘खेळू नको’ असे सरसकट म्हणू नये. त्याने कबड्डीच्या मैदानावर अवश्य जावे. मात्र कोणताही खेळ आरंभताना तीन प्रश्न विचारण्याची सवय त्यास लावावी : यात पणाला काय लागले आहे? ते माझे आहे काय? आणि खेळ संपल्यावर मी उठू शकेन काय? तिन्हींची उत्तरे निर्मळ असतील, तर तो विहार युक्त समजावा. असा खेळ खेळून उठलेले मन नामस्मरणासही ताजे होऊन बसते.