तरुण चालक आणि वयस्क चालक : अधिक धोका कोणाचा ?

वाहन चालविण्याच्या बाबतीत तरुण माणूस अधिक धोक्याचा की वयस्क माणूस, हा वाद आमच्या वर्गात दर पावसाळ्यात एकदा तरी निघतोच. वडीलधारी मंडळी म्हणतात, "हल्लीच्या पोरांच्या अंगात वारे शिरले आहे." मुले म्हणतात, "आजोबांना समोरची गाडी धड दिसत नाही, आणि वर रागावतात मात्र आमच्यावर !" दोन्ही पक्षांजवळ एकेक उदाहरण तयार असते. परंतु एखादे उदाहरण म्हणजे सिद्धांत नव्हे. म्हणून या प्रश्नाचा थोडा शांतपणे विचार करावा, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

हा प्रश्न आम्हांस केवळ वादविवादाचा वाटत नाही, याला कारण आहे. आमचे मिसरोद हे भोपाळहून नर्मदापुरमकडे, म्हणजे पूर्वीच्या होशंगाबादकडे, जाणाऱ्या हमरस्त्यावर वसलेले आहे. एके काळचे हे लहानसे गाव आता शहराच्या कुशीत आले आहे. पुढे मंडीदीपचे कारखाने असल्यामुळे मालमोटारी, बसगाड्या, रिक्षा आणि दुचाकी यांची रीघ या रस्त्यावर दिवसभर लागलेली असते. 2013 साली येथून बैरागढपर्यंत बसगाड्यांसाठी वेगळी मार्गिका राखून ठेवण्यात आली होती. 2024 पासून ती काढून टाकण्यात येऊ लागली. रस्ता रुंद झाला की वाहनांचा वेग वाढतो, आणि याच रस्त्याने आमची मुले शाळेत येतात.

गेल्या पावसाळ्यात अकरावीचा एक विद्यार्थी स्कूटरवर दोन मित्रांना मागे बसवून शाळेकडे येत होता. पुढे चाललेली रिक्षा उतारू घेण्यासाठी एकाएकी थांबली. मुलाने ब्रेक दाबला, ओल्या रस्त्यावर स्कूटर घसरली, आणि तिघेही खाली पडले. एकाचे मनगट मोडले, दुसऱ्याच्या गुडघ्याला टाके पडले. दैव बलवत्तर म्हणून मागून येणारी मालमोटार वेळीच थांबली. आम्ही भेटावयास गेलो तेव्हा तो मुलगा कळवळून म्हणाला, "सर, मी ब्रेक वेळेवरच दाबला होता हो !" त्याचे हे वाक्य आमच्या मनात घर करून राहिले. तो खोटे बोलत नव्हता. मग चुकले कोठे ? याचे उत्तर शोधता शोधता आम्हांस मूळ प्रश्नाचेही उत्तर बरेचसे सापडले.

प्रथम आकडे पाहू. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे 2022 साली भारतात 4,61,312 रस्ते-अपघात झाले आणि त्यांत 1,68,491 माणसे मृत्यू पावली. अपघातांच्या संख्येत तामिळनाडूच्या खालोखाल आमच्या मध्यप्रदेशाचा क्रमांक होता. मृतांपैकी सुमारे दोन-तृतीयांश माणसे 18 ते 45 या वयोगटातील होती. हा आकडा ऐकताच वडीलधारी मंडळी म्हणतील, "पाहा, आम्ही सांगत होतो !" परंतु येथे थोडे थांबावयास हवे. या मृतांमध्ये चालक आहेत, तसेच मागे बसलेले आणि पायी चालणारेही आहेत. शिवाय 45 वर्षांच्या गृहस्थास तरुण म्हणावे काय, हाही प्रश्नच आहे. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, याच वयाची माणसे नोकरीधंद्यासाठी सर्वांत अधिक रस्त्यावर असतात. जो विहिरीवर दहा वेळा जातो त्याची घागर फुटण्याचा संभव, एकदाच जाणाऱ्यापेक्षा अधिक, हे उघड आहे.

हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट करू. समजा, एका गावात 100 तरुण चालक आहेत, आणि प्रत्येक जण वर्षाला 10,000 किलोमीटर गाडी चालवितो. त्यांच्या हातून वर्षात 10 अपघात झाले. त्याच गावात 100 वृद्ध चालक आहेत, ते प्रत्येकी 2,000 किलोमीटरच चालवितात, आणि त्यांच्या हातून 4 अपघात झाले. वरवर पाहता तरुण अधिक दोषी दिसतात. परंतु अंतराने भागून पाहा. तरुणांचे एकूण अंतर 10 लाख किलोमीटर, म्हणजे दर लाख किलोमीटरला 1 अपघात. वृद्धांचे एकूण अंतर 2 लाख किलोमीटर, म्हणजे दर लाख किलोमीटरला 2 अपघात. निकाल अगदी उलटा झाला ! तात्पर्य, नुसती अपघातांची संख्या पाहून कोणासही दोष देऊ नये. किती अंतर चालविले असता किती अपघात झाले, हे पाहावे.

असा हिशेब अमेरिकेत अनेक वर्षे ठेवला जात आहे, आणि त्याचा निष्कर्ष मोठा बोधप्रद आहे. तेथे 16 ते 19 वर्षे वयाच्या चालकांच्या बाबतीत, सारख्याच अंतरामागे होणाऱ्या प्राणघातक अपघातांचे प्रमाण, वीस वर्षांवरील चालकांच्या जवळजवळ तिप्पट आढळते. पुढे वय वाढते तसे हे प्रमाण उतरत जाते, मध्यमवयात ते सर्वांत कमी असते, आणि सत्तरीनंतर पुन्हा चढू लागते. कागदावर ही रेषा काढली तर ती आमच्या कोकणातील होडीसारखी दिसते : दोन्ही टोके उंच आणि मध्य खोल. म्हणजे वादातील दोन्ही पक्ष काही अंशी खरे आहेत. मात्र दोन टोकांच्या उंचीची कारणे निराळी आहेत.

वृद्ध चालकाला अंधारात कमी दिसते, समोरचा दिवा डोळ्यांवर आला की दृष्टी लवकर सावरत नाही, मान चटकन वळत नाही, आणि चौकात चारही दिशांनी येणाऱ्या गाड्यांचा अंदाज घेताना त्याचा गोंधळ होतो. तशात शरीर जीर्ण झालेले असल्यामुळे, तरुण माणूस ज्या धक्क्यातून बचावेल त्याच धक्क्याने वृद्धाचा प्राण जाऊ शकतो. वृद्धांच्या प्राणघातक अपघातांचे प्रमाण वाढते त्यात या नाजूकपणाचा वाटा मोठा आहे. परंतु पुष्कळ वृद्धांस आपली उणीव ठाऊक असते. ते रात्री गाडी काढीत नाहीत, पावसात काढीत नाहीत, आणि वेग बेताचा ठेवतात. आपल्या कायद्यानेही पंचावन्न वर्षांनंतर परवाना एका वेळी पाच वर्षांचाच मिळतो.

तरुणाचे दुखणे याच्या उलट आहे. त्याचे डोळे तीक्ष्ण, हात चपळ, शरीर काटक. उणीव असते ती अनुभवाची, आणि ती उणीव त्याची त्याला ठाऊक नसते. गोव्यात भाड्याने मोटारसायकल चालविणाऱ्याला 'पायलट' म्हणतात. त्याच्या गाडीचा मडगार्ड पिवळा असतो. आमच्या लहानपणी अशाच एका वयस्क पायलटाच्या मागे बसून आम्ही अनेकदा बाजारात गेलो. रस्त्यात चेंडू घरंगळत आला की तो लगेच वेग कमी करी. मागाहून मूल धावत येणार, हे त्याला मूल दिसण्यापूर्वीच कळे. थांबलेल्या बसच्या पुढून कोणीतरी रस्ता ओलांडणार, हेही तो धरून चाले. नवशिका चालक रस्त्यावर जे आहे तेवढेच पाहतो, मुरलेला चालक जे होऊ घातले आहे तेही पाहतो. म्हणूनच परवाना मिळाल्यानंतरचे पहिले काही महिने सर्वांत धोक्याचे असतात. नवा चालक पंचवीस वर्षांचा असला तरी हा धोका चुकत नाही, मात्र सोळा-सतरा वर्षांच्या मुलात तो अधिक असतो. कारण अनुभवाच्या अभावाबरोबर त्या वयात मनाचा आवरही कच्चा असतो. मेंदूचा जो भाग धोक्याचे मोजमाप करून मनाला लगाम घालतो, तो पंचविशीच्या सुमारास पूर्ण पक्व होतो. मागे मित्र बसलेले असले की हा लगाम आणखी सैल सुटतो.

आता आमच्या विद्यार्थ्याच्या वाक्याकडे वळू. ब्रेक वेळेवर दाबूनही गाडी का थांबली नाही ? गणिताने पाहू. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबला जाईपर्यंत तरुणाला 1 सेकंद लागतो आणि वृद्धाला दीड सेकंद, असे धरा. तरुणाचा वेग ताशी 60 किलोमीटर आहे. त्या एका सेकंदात त्याची गाडी सुमारे 17 मीटर पुढे जाते. ब्रेक लागल्यावर, रस्ता कोरडा व ब्रेक उत्तम असला तरी, थांबण्यास आणखी सुमारे 20 मीटर लागतात. एकूण 37 मीटर. वृद्धाचा वेग ताशी 40 आहे. दीड सेकंदात तो सुमारे 17 मीटर जातो, आणि ब्रेक लागल्यावर सुमारे 9 मीटरांत थांबतो. एकूण 26 मीटर. म्हणजे मंद हातांचा वृद्ध चपळ तरुणापेक्षा 11 मीटर आधी थांबला ! वेग दीडपट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर दीडपट होत नाही, ते सव्वादोनपट होते, कारण ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. रस्ता ओला असेल तर ते याहूनही वाढते. आमच्या विद्यार्थ्याचा हात वेळेवरच हलला होता. कमी पडले ते पुढच्या रिक्षापासूनचे अंतर.

हे ओळखून न्यूझीलंडने 1987 साली टप्प्याटप्प्याने परवाना देण्याची पद्धत सुरू केली. तेथे नव्या चालकाला आरंभी अनुभवी चालकास शेजारी बसवूनच गाडी चालविता येते. पुढच्या टप्प्यात एकट्याने चालविण्याची मुभा मिळते, पण रात्री दहा ते पहाटे पाच या वेळेत आणि सोबती घेऊन तसे करता येत नाही. पुढे अनेक देशांनी या पद्धतीचा स्वीकार केला, आणि तरुणांचे अपघात त्यामुळे घटले. आपल्याकडे 18 वर्षांखालील मुलास केवळ 50 सी. सी. पर्यंतची बिनगियरची दुचाकी, तीही 16 वर्षे पूर्ण झाल्यावर आणि पालकांच्या संमतीने, चालविता येते. रस्त्यावर दिसणाऱ्या पेट्रोलच्या बहुतेक स्कूटरी 100 सी. सी. च्या वरच्या आहेत. म्हणजे अकरावीच्या मुलाला ही सवलत त्या स्कूटरींपुरती लागू होत नाही.

येथे दोषाचा काटा मुलांकडून वडीलधाऱ्यांकडे वळतो. 19 मे 2024 रोजी मध्यरात्रीनंतर पुण्याच्या कल्याणीनगर भागात एका भरधाव मोटारीने दुचाकीला धडक दिली, आणि दुचाकीवरील एक तरुण व एक तरुणी, दोघेही आपल्या मध्यप्रदेशचे संगणक अभियंते, प्राणास मुकले. मोटार चालविल्याचा आरोप ज्याच्यावर आला तो मुलगा 17 वर्षांचा होता. त्याला प्रथम जामीन देताना 300 शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घालण्यात आली, आणि देशभर संताप उसळला. आम्ही दर आठवड्यास मुलांकडून निबंध लिहून घेतो, त्यामुळे ती बातमी आम्हांस विशेष झोंबली. पुढे त्याच्या रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना आणि घरच्या वडीलधाऱ्यांनाही अटक झाली. त्या आरोपांचा निवाडा करणे न्यायालयाचे काम आहे. परंतु मुलाच्या हाती किल्ली कोठून येते, हा प्रश्न प्रत्येक घराने स्वतःस विचारावा असा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर कायद्यानेही तो विचारला आहे : अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास अथवा वाहनमालकास 3 वर्षांपर्यंत कैद व 25,000 रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या मुलास वयाच्या 25 वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही.

आणि आम्ही शिक्षक तरी कोठे निर्दोष आहोत ? तो विद्यार्थी जुलैपासून रोज स्कूटरवर येत होता. फाटकापाशी त्याचा नमस्कार आम्ही रोज घेत होतो. "परवाना आहे का रे ?" एवढे चार शब्द आम्ही एकदाही विचारले नाहीत. त्याच्या मनगटाचे प्लास्टर पाहिल्यापासून ते शब्द आम्ही फाटकापाशी विचारू लागलो आहोत. काही पालक त्यामुळे आमच्यावर रुष्टही झाले आहेत.

तेव्हा प्रश्नाचे उत्तर असे : नवशिके तरुण चालक वयस्कांपेक्षा अधिक धोक्याचे असतात, हे खरे. पण तो धोका रक्तात नसून नवखेपणात, वेगात, रात्रीच्या वेळेत आणि सोबत्यांच्या गर्दीत आहे. म्हणून तो कमी करता येतो. वृद्धापकाळी गेलेली दृष्टी परत आणणे कठीण, तरुणाचा वेग कमी करणे मात्र त्याच्याच मुठीत आहे.

विद्यार्थिमित्रहो, एक लहानसा पाठ तुम्ही मैदानावर करून पाहा. चुन्याने एक रेघ ओढा. तिच्यापासून 26 मीटरांवर दुसरी आणि 37 मीटरांवर तिसरी रेघ ओढा. मग दुसऱ्या रेघेपासून तिसरीपर्यंत चालत जा, आणि त्या जागेत कोण उभे असू शकेल याचा विचार करा. आमच्या घरच्या कोंकणीत 'सवकास' असा एक शब्द आहे. तोच मराठीत 'सावकाश' होतो. संस्कृतात त्याची फोड स + अवकाश अशी आहे. अवकाश म्हणजे मोकळी जागा. आपण त्याचा अर्थ नुसता 'हळू' असा करतो, पण शब्दशः त्याचा अर्थ 'मोकळ्या जागेसह' असा होतो. आमच्या विद्यार्थ्याला त्या दिवशी हीच जागा हवी होती.