बागेच्या छायाचित्रांना तारखेची नावे

द्राक्ष बागायतदार बंधूंनो, फळछाटणी झाली की आपण दिवस मोजू लागता. पानावर केवड्याचा पहिला तेलकट डाग छाटणीनंतर कितव्या दिवशी दिसला आणि त्याआधी कोणती फवारणी झाली होती, हे सांगता आले तरच तज्ज्ञाला नेमका सल्ला देता येतो. डाग दिसताच मोबाईलवर फोटो काढण्याची सवय आता बहुतेकांना लागली आहे. परंतु हंगामाच्या शेवटी घरातील तीन फोनचे फोटो संगणकात एकत्र केले, की नुसते क्रमांक हाती राहतात. वडिलांच्या फोनचा ०४१२ आणि मुलाच्या कॅमेऱ्याचा ०४१२ वेगवेगळ्या दिवसांचे असतात. कॅमेऱ्याचा क्रमांक तर ९९९९ नंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

नावातून काही कळत नसले तरी फोटो काढल्याची तारीख, वेळ व कॅमेऱ्याचे मॉडेल फाइलच्या पोटात नोंदलेले असते. लोकेशन चालू असल्यास अक्षांश-रेखांशही असतात. या नोंदीस एक्झिफ म्हणतात. ती वाचून शेकडो फाइलींची नावे एकदम बदलणारे एक्झिफटूल हे साधन फिल हार्वे यांनी २००३ मध्ये प्रथम उपलब्ध केले. ते मोफत आहे. त्यात बटणे नाहीत, आज्ञा टाइप करावी लागते. एकदा ओळ लिहून ठेवली की दर हंगामात तीच चालते.

विंडोज संगणकावर उतरवून घेतलेल्या फाइलच्या नावातील कंसासह '(-के)' काढून टाकावे व सोबतचा फोल्डर तिच्या शेजारीच ठेवावा. त्या जागी पत्त्याच्या पट्टीत सीएमडी टाइप करून एंटर दाबावे. काळी चौकट उघडेल. त्यापूर्वी मूळ फोटोंची एक प्रत पेनड्राइव्हवर काढावी, कारण नाव बदलताना हे साधन जुन्या नावाची प्रत ठेवत नाही. आता पुढील ओळ रोमन लिपीत टाइप करावी :

एक्झिफटूल "-टेस्टनेम<डेटटाइमओरिजिनल" -डी "प्लॉट२_%वाय%एम%डी_%एच%एम%एस%%-सी.%%ई" फोल्डरचे-नाव

वाय, एच, एस आणि मिनिटांचा एम मोठ्या अक्षरात, तर महिन्याचा एम आणि डी, सी, ई लहान अक्षरात घ्यावेत. दोन्ही एम मोठ्या अक्षरात टाइप झाले तर महिन्याच्या जागी मिनिटे येतात आणि सर्व नावे वाया जातात. 'सी'मुळे एकाच सेकंदातील दोन फोटोंना वेगळा क्रमांक मिळतो. 'ई' म्हणजे फाइलचे मूळ शेपूट. प्लॉट कोणता हे फोटोत नोंदलेले नसते, म्हणून प्रत्येक प्लॉटचे फोटो आधी वेगळ्या फोल्डरमध्ये घालावेत.

टेस्टनेम या शब्दामुळे काहीही बदलत नाही, फक्त नवी नावे पडद्यावर दिसतात. ती नीट वाचावीत. मगच टेस्टनेमच्या जागी फाइलनेम लिहून ओळ पुन्हा चालवावी. १० ऑक्टोबरला छाटलेल्या प्लॉटमधील २० नोव्हेंबरचा फोटो ४१ व्या दिवसाचा, हे मग नावावरूनच कळते.

कॅमेऱ्याचे घड्याळ चुकीचे असेल तर नावेही चुकीची पडतात. घड्याळ दोन तास मागे असल्यास नाव बदलण्यापूर्वी "-ऑलडेट्स+=२" अशी दुरुस्ती त्या फोल्डरवर करावी. येथे मात्र मूळ फाइलची प्रत आपोआप राहते.

चलचित्रांची गोष्ट निराळी आहे. मोबाईलच्या बहुतेक चलचित्रांत क्रिएटडेट ही नोंद असते व ती आंतरराष्ट्रीय वेळेत लिहिलेली असते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पहाटे चारच्या फवारणीचे चित्रण त्यामुळे आदल्या दिवशीचे दिसते. चलचित्रे वेगळ्या फोल्डरमध्ये घेऊन डेटटाइमओरिजिनलऐवजी क्रिएटडेट लिहावे आणि ओळीत '-एपीआय क्विकटाइमयूटीसी' जोडावे, म्हणजे संगणकाच्या स्थानिक वेळेप्रमाणे नाव पडते.

काही फोटोंचे नाव बदलणारच नाही. ते बहुधा व्हॉट्सॲपवरून आलेले असतात. तेथे साधा फोटो पाठवला की आतील नोंद पुसली जाते. अशा वेळी फाइल बदलल्याची तारीख वापरण्याचा मोह होतो, पण ती फोटो आपल्याकडे पोहोचल्याची किंवा उतरवल्याची असू शकते, डाग दिसल्याची नव्हे. म्हणून मजुराकडून वा शेजाऱ्याकडून फोटो मागवताना तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवण्यास सांगावे, आणि तज्ज्ञाकडेही तसाच पाठवावा.