मॅटवर एक जागा : अपंगत्व आणि मार्शल आर्ट



अमरावतीत शिकायला आलेल्या प्रत्येकाने श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं नाव पहिल्या आठवड्यातच ऐकलेलं असतं. १९१४ साली वैद्य बंधूंनी ही संस्था सुरू केली आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिच्या चमूने थेट जर्मनीत जाऊन आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. तिकडे अकोल्यात वसंत देसाई स्टेडियम म्हटलं की पोरांना बॉक्सिंग आठवतं. म्हणजे अंगमेहनतीचं आणि आखाड्याचं वेड आपल्या वऱ्हाडाला जुनंच आहे.

पण आखाडा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर धडधाकट शरीरच येतं. ज्याला एक हात नाही, जो व्हीलचेअरवर आहे, ज्याला दिसत नाही, तो त्या चित्रात कुठे बसतो? बहुतेक वेळा प्रेक्षकांत. ही जागा बरोबर आहे का, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

प्रश्न कुठून आला?

आमच्या विंगमध्ये अकोला जिल्ह्यातल्या एका खेड्यातला मित्र आहे. शाळेत असताना सोयाबीन काढायच्या दिवसांत त्याचा डावा हात थ्रेशरमध्ये गेला. कोपराखाली हात नाही. वर्कशॉपमध्ये तो जॉब व्हाइसमध्ये पकडून एका हाताने असं फायलिंग करतो की आम्ही पाहत राहतो. फर्स्ट इयरला तो एका कराटे क्लासमध्ये नाव घालायला गेला आणि अर्ध्या तासात परत आला. म्हणाला, "सर म्हनत, तू बसून पाह्य. लागलं-बिगलं त जिम्मेदारी कोन घेईन?"

सरांचा हेतू वाईट नसेल, पण त्यांना जे माहीत नव्हतं ते आपल्यालाही माहीत नसतं. म्हणून थोडी माहिती जमवली.

आधी एक बॉक्सर

मुरलीकांत पेटकर हे नाव 'चंदू चॅम्पियन' सिनेमामुळे (२०२४) आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे पेटकर लहानपणी कुस्ती खेळायचे आणि सैन्यात गेल्यावर बॉक्सर झाले. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, एक पाठीच्या कण्याजवळ राहिली, कमरेखालचं शरीर लुळं पडलं. पुढे ते पोहायला लागले आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदात पोहून सुवर्णपदक जिंकलं. पॅरालिम्पिकमधलं भारताचं हे पहिलं सुवर्ण. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

या गोष्टीत एक बाब सहसा कोणी बोलत नाही. हा माणूस मुळात लढणारा होता, पण जखमेनंतर रिंगचं दार बंद झालं आणि त्याला दुसरा खेळ शोधावा लागला. आज तशी परिस्थिती राहिलेली नाही. लढतीचे खेळ स्वतःच बदलले आहेत.

नियम कसे बदलले?

ज्युदो : दृष्टी नसलेल्यांचा ज्युदो १९८८ च्या सोल पॅरालिम्पिकपासून आहे. मुख्य बदल एकच. दोघांनी एकमेकांचा पोशाख पकडल्यावरच लढत सुरू होते. एकदा पकड बसली की समोरच्याचं वजन कुठे झुकतंय हे हाताला कळतं, डोळ्याची गरज उरत नाही. शेजारच्या मध्य प्रदेशातल्या सीहोरचा कपिल परमार लहानपणी शेतात पाण्याच्या मोटारचा शॉक बसून जखमी झाला आणि पुढे त्याची दृष्टी गेली. त्याने २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवलं. ज्युदोतलं हे भारताचं पहिलं पॅरालिम्पिक पदक.

तायक्वांदो : हा खेळ टोकियो पॅरालिम्पिकमध्ये (२०२१ मध्ये झालेल्या) पहिल्यांदा आला. यात मुख्यतः हाताचं अपंगत्व असलेले खेळाडू असतात. डोक्यावर किक मारायची नाही, कारण ती अडवायला हात पुरत नाहीत. छातीवरच्या साध्या किकला २, वळून मारलेल्या किकला ३ आणि पूर्ण फिरून मारलेल्या किकला ४ गुण. हरियाणाच्या अरुणा तंवरने तिथे भारताचं प्रतिनिधित्व केलं. माझ्या मित्राला हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा नीट उठून बसला.

तलवारबाजी : व्हीलचेअर फेन्सिंग १९६० च्या रोम पॅरालिम्पिकपासून आहे. दोन्ही खुर्च्या जमिनीवरच्या एका फ्रेमला पक्क्या बांधतात. मागे सरकायची सोय नाही, सगळं काम धड आणि हात करतात. कमरेखाली लागलेला वार धरत नाहीत.

कराटे : पॅरा कराटेमध्ये 'काता' हा प्रकार असतो. व्हीलचेअर, दृष्टिदोष आणि बौद्धिक अपंगत्व असे वेगळे गट आहेत.

आपल्या घरचं उदाहरण म्हणजे मल्लखांब. पैलवानांच्या सरावातून वाढलेला हा प्रकार मुंबईच्या दादरमध्ये उदय देशपांडे यांनी अंध आणि अपंग मुलांनाही शिकवला. त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. मल्लखांबात लाकूड सतत अंगाला लागलेलं असतं, म्हणजे स्पर्शानेच दिशा कळते.

आता थोडं मेकॅनिक्स

आपण इंजिनिअरिंगवाले, म्हणून त्याच भाषेत बोलू. सगळ्या मार्शल आर्टचा पाया तीन गोष्टींवर आहे : सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी, बेस आणि टॉर्क. शरीर वेगळं असलं की व्हॅल्यूज बदलतात, इक्वेशन तेच राहतं.

हात नसेल तर : किक मारताना पाय एकीकडे फिरतो तेव्हा हात उलट दिशेने फिरून तोल सांभाळतात. कोपराखाली हात नसला की त्या बाजूचा मोमेंट ऑफ इनर्शिया कमी होतो. तेवढी भरपाई खांदा आणि कंबर जास्त फिरवून करावी लागते. सुरुवातीला तोल जातो, तो सरावाने येतो.

व्हीलचेअर असेल तर : उभ्या माणसाच्या पंचमध्ये जमिनीचा जोर असतो. खुर्चीत बसून पंच मारला की न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने खुर्ची मागे जाते. ब्रेक लावला तर मागे कलंडू शकते. म्हणून आधी खुर्ची पक्की करायची, बेल्ट लावायचा, धड किंचित पुढे ठेवायचं आणि जोर पाठ-पोटातून काढायचा.

एक पाय कमजोर असेल तर : लांब स्टान्स सोडून द्यायचा. वजन चांगल्या पायावर ठेवायचं, पकडीची आणि जमिनीवरची तंत्रं आधी शिकायची.

ऐकू येत नसेल तर : शिट्टीऐवजी मॅटवर थाप किंवा हाताची खूण ठरवायची. हरियाणाचे मूकबधिर पैलवान वीरेंद्र सिंह यांनी २००५ मध्ये डेफलिम्पिक्सचं सुवर्ण जिंकलं आणि त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. कुस्ती मुळातच डोळ्याने आणि अंगाने शिकायची विद्या आहे.

काळजी काय घ्यायची?

पहिला धडा मारण्याचा नाही, पडण्याचा. गादीवर, हळू, दोन्ही बाजूंनी. जिथे हात टेकायला नाही तिथे खांद्यावर गोल कसं व्हायचं हे आधी शिकावं. डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला विचारून सुरुवात करावी. मणक्याची इजा असलेल्याला खालच्या भागातली जखम जाणवत नाही, म्हणून सरावानंतर त्वचा डोळ्याने तपासावी. कृत्रिम पाय घालून दुसऱ्याशी भिडू नये, दोघांनाही लागतं.

आणि सोबत सराव करणाऱ्याने? आधी विचारावं, "कुठे धरू? कुठे धरू नको?" न विचारता कुबडी उचलून बाजूला ठेवू नये. आणि मुद्दाम हरू नये. खोटं हरलेलं समोरच्याला लगेच कळतं, आणि त्यानंतर त्याचं शिकणं थांबतं.

जबाबदारी कोण घेईल?

त्या सरांच्या प्रश्नाला कायद्यात उत्तर आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ चं कलम १६ सांगतं की सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांनी अशा विद्यार्थ्यांना इतरांच्या बरोबरीने खेळाची आणि करमणुकीची संधी द्यावी. म्हणजे ही मेहेरबानी नाही, हक्क आहे. लागण्याची भीती खरी आहे, पण ती सगळ्यांसाठीच खरी आहे. धडधाकट मुलाचा पाय मुरगळतो म्हणून आपण फुटबॉल बंद करत नाही, प्रथमोपचाराची पेटी ठेवतो.

तर राजेहो, मागणी मोठी नाही. जिमखान्याच्या मॅट तळमजल्यावर आणाव्यात. दाराशी असलेल्या दोन पायऱ्यांवर रॅम्प करावा, सिव्हिलच्या मुलांना तो एका प्रोजेक्टमध्ये बसवता येईल. संध्याकाळच्या बॅचच्या फॉर्मवर 'काही वेगळी सोय हवी आहे का' अशी एक ओळ टाकावी. तायक्वांदो येणारे दोन सीनियर आपल्याकडेच आहेत, त्यांनी आठवड्यातून दोन दिवस द्यावेत. स्पोर्ट्स इन्चार्ज सर हा अंक वाचतील अशी आशा आहे. नावं द्यायला कोण कोण तयार आहे ते जिमखान्याच्या रजिस्टरमध्ये लिहा. पहिलं नाव कोणाचं असेल ते मला माहीत आहे, बाकीच्या ओळी तुम्ही भरा.