टर्बिडिटी म्हणजे गढूळपणा

सत्तावीस वर्षं मी विज्ञान शिकवलं. आधी गोव्यातल्या डिचोली तालुक्यात, नंतर पेडण्यात. या वर्षांत मुलांना घेऊन कारखाने, खाणीची प्रयोगशाळा, पाण्याचा प्रकल्प आणि एक फेणीची भाटी असं बरंच फिरले. नव्या शिक्षिका अजून फोन करतात, ‘टीचर, कंपनीला पत्र कसं लिहायचं?’ नमुना पाठवते. पण पत्र हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. बाकीचं आठवेल तसं इथे लिहिते आहे.

१. प्रश्न घेतल्याशिवाय फाटकापाशी जाऊ नये.

माझी पहिली भेट फुकट गेली. थंडगार खोलीत पडद्यावर कंपनीची उलाढाल, मग समोसे, नाव छापलेलं पेन आणि फलक धरून फोटो. प्रत्यक्ष यंत्रं पाहिली ती काचेपलीकडून, जेमतेम दहा मिनिटं. परतताना बसमध्ये विचारलं, काय पाहिलंत? ‘टीचर, एसी मस्त होता.’

मी कंपनीवर चिडले होते. रात्री पत्राची प्रत काढून वाचली, तर त्यात एवढंच लिहिलेलं : ‘आमच्या विद्यार्थ्यांना आपला कारखाना पाहण्याची इच्छा आहे.’ मग त्यांनी दाखवायचं तरी काय? पुढचं पत्र दुसऱ्या कारखान्याला लिहिलं : ‘बॉयलरमध्ये घालायचं पाणी आधी मृदू का करावं लागतं, हे दहावीच्या मुलांना पाहायचं आहे.’ ते पत्र साहेबाच्या टेबलावर थांबलं नाही. बॉयलर सांभाळणाऱ्या माणसाकडे गेलं, आणि त्याने आम्हाला नळीच्या आत बसलेली पांढरी खपली खरवडून दाखवली. कठीण पाणी हा धडा त्या वर्षी मला शिकवावाच लागला नाही.

२. समजावणाऱ्याला त्याच्या भाषेत बोलू द्यावं.

गोव्यात बहुतेक सरकारी शाळांत चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणी, आणि पाचवीपासून बहुतेक सगळीकडे इंग्रजी. पेडणे-डिचोलीतून मराठी प्राथमिक शाळेत शिकून आलेली हुशार मुलं विज्ञानाच्या तासाला अचानक मुकी होतात. कोअॅग्युलेशनचं स्पेलिंग पाठ असतं, अर्थ विचारला की मान खाली.

पेडण्यातल्या चांदेलच्या जलशुद्धीकरण प्रकल्पात मला या रोगाचं औषध सापडलं. तिथे एका यंत्रात सहा चंचुपात्रं ओळीने ठेवतात. प्रत्येकात तेच गढूळ पाणी, तुरटीचं प्रमाण मात्र चढतं. पाती आधी जोरात फिरतात, मग हळू, मग थांबतात. एका पात्रात काहीच होत नाही, दुसऱ्यात कापसासारखे पुंजके धरतात, आणि एखाद्यात ते तळाशी बसून वरचं पाणी नितळ होतं. ज्या पात्रात कमीत कमी तुरटीत चांगलं काम झालं, ते त्या दिवसाचं प्रमाण. तिथले गृहस्थ आधी मुलांसाठी म्हणून इंग्रजीत बोलायला लागले आणि अडखळले. मी म्हटलं, भाऊ, घरी बोलता तसं बोला. ते म्हणाले, ‘तुरटी घातल्यार म्हेळ एकठांय जाता आनी सकयल बसता.’ म्हणजे मळ एकत्र येतो आणि खाली बसतो.

झालं. मागच्या बाकावरच्या, वर्षभर तोंड न उघडलेल्या मुलीने वहीत लिहिलं : टर्बिडिटी म्हणजे गढूळपणा, कोअॅग्युलेशन म्हणजे म्हेळ एकठांय जाणं. मग तिनेच विचारलं, ‘पावसात तुरटी जास्त लागत असेल ना?’ लागते. जुलैचं पाणी आणि जानेवारीचं पाणी वेगळं. म्हणून तर कोणीतरी रोज सकाळी ही सहा पात्रं लावायची असतात. पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा १ एनटीयूपर्यंत (हे गढूळपणा मोजायचं एकक) असावा, दुसरा स्रोत नसेल तर फार तर ५, एवढं भारतीय मानक सांगतं. तो आकडा राखणं ही कोणाचीतरी नोकरी आहे, हे तिला तेव्हा कळलं. नळ उघडताना आपल्यापैकी कितीजणांना ते आठवतं?

३. मुलांना कंपनीशी जोडू नये, कामाशी जोडावं.

हे मला डिचोलीने शिकवलं, आणि चांगलीच फी घेऊन शिकवलं.

तिथे असताना धातूंच्या धड्यात मुलं हेमॅटाइट या लोहखनिजाचं गणित करायची. लोखंडाचे दोन अणू ११२, ऑक्सिजनचे तीन ४८, एकूण १६०. म्हणजे लोखंड ७० टक्के. एकदा खाणीच्या प्रयोगशाळेतले एक केमिस्ट वर्गावर आले. पिशवीतून लालसर भुकटी काढून म्हणाले, ‘हा माल अठ्ठावन्नचा.’ घरचा टिप्पर असलेला एक मुलगा ताडकन उठला : ‘म्हणजे आमचो ट्रक शंभरांत बेचाळीस भाग माती व्हरता?’ त्यांनी उत्तर दिलं नाही, खडू दिला. मुलांनी फळ्यावर मांडलं : ५८ भाग लोखंडाबरोबर सुमारे २५ भाग ऑक्सिजन येणारच. झाले ८३. उरले १७. ते काय? सिलिका, अॅल्युमिना, ओल. ‘त्या सतरासाठी तर माल धुतात,’ केमिस्ट म्हणाले. दारावरून रोज जाणाऱ्या ट्रकात काय असतं, हे त्या पोरांना बापांच्याही आधी आकड्यात कळलं.

मग त्यांनी नमुना कसा घ्यायचा ते दाखवलं. ढीग शंकूसारखा रचायचा, माथा दाबायचा, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवून बाकीचे टाकायचे, आणि पुन्हा तेच. एवढ्या मोठ्या ढिगाचा खरेपणा शेवटी मुठीत मावतो. आमचं ठरलं, त्यांनी दरवर्षी यायचं. मीही वर्गात बिनधास्त सांगू लागले, शिका रे, खाणीत केमिस्ट लागतात.

सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. टिप्पर अंगणात उभे राहिले, टायरभोवती गवत वाढलं, मांडवीतल्या बार्जी रिकाम्या. केमिस्टांचा फोन लागेना. दहावीतल्या मुलांनी मला काही विचारलं नाही, तेच जास्त लागलं. मध्ये थोडं सुरू झालं, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द झाल्यावर मार्चात पुन्हा बंद.

पण त्या वर्गातली एक मुलगी बीएस्सी करून औषध कंपनीच्या गुणवत्ता विभागात लागली. भेटली तेव्हा म्हणाली, ‘टीचर, पिंपांतून नमुना काढायचा असतो. ढीग नाही, पण विचार तोच.’ खाण गेली, मूठ राहिली. डिसेंबर २०२२ मध्ये पहिल्या चार ब्लॉकांचा लिलाव झाला, त्यात डिचोलीचा होता, आणि २०२४ मध्ये तिथे काम पुन्हा सुरूही झालं. आता मुलं विचारतात, टीचर, खाणीत जावं का? मी नमुना घेणं शिकवते, आणि २०१२ ची गोष्टही सांगते. दोन्ही एकाच तासाला.

४. शाळेची बालरथ बस एक वाजता फाटकात लागते.

सकाळची शाळा, मुलं दूरच्या वाड्यांची. बस चुकली की पोर अडकलं. त्यामुळे भेट साडेआठला सुरू आणि बाराला संपली पाहिजे, मग कारखान्याची पाळी काहीही असो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना सांगितले आहेत, सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाऊन शिकण्यासाठी. दिवस मिळाले, छान झालं. वाहनाचं काय, हे धोरणात शोधू नका. आणि मुलांना बूट घालून यायला आदल्या दिवशी दोनदा सांगा. चपला पाहून फाटकावरूनच परत पाठवलेला वर्ग मी पाहिलेला आहे. तो माझाच होता.

५. पगार विचारू द्यावा.

सुरुवातीला मी मुलांना डोळे वटारायचे. आता आधीच सांगते, विचारा. पगार किती, कायम आहात की कंत्राटावर, रात्रपाळीला मुली असतात का, घरी जायला बस आहे का. तुयेच्या औद्योगिक वसाहतीत एका तंत्रज्ञ मुलीने मोकळेपणाने सगळं सांगितलं, आणि पुढच्या पालकसभेला चार आया मुलींना आयटीआयला घालण्याबद्दल विचारत आल्या. त्यांना बसची वेळ हवी होती. प्रेरणादायी भाषण ऐकून कोणी विचारायला आल्याचं मला आठवत नाही.

६. उद्योग म्हणजे पत्र्याची शेडच असं नाही.

ऊर्ध्वपातनासाठी मी वर्ग काजूच्या भाटीवर नेला. मुख्याध्यापकांचा चेहरा मला अजून दिसतो. शाळेची मुलं दारूच्या भाटीवर! पण उकळणारं भांडं, वाफ नेणारी नळी, थंड पाण्यातलं मडकं, हे चित्र पुस्तकात होतंच. शिवाय भाटीवाल्याकडे तरंगमापक होता. तो ‘ग्राव’ मोजायचा, आम्ही घनता म्हणायचो. पहिल्या धारेचं हुराक आणि पुन्हा ऊर्ध्वपातित केलेली फेणी यांत तो मापक किती बुडतो, यातला फरक मुलांनी वहीत काढला. काजू फेणीला भौगोलिक निर्देशांक २००९ मध्ये मिळाला. धूर, घाम आणि वास यांतून निघणारा हा आमच्याकडचा जुना रसायन उद्योग. चव घेऊ दिली नाही, हे पालकांसाठी नमूद करते.

७. आत सोडलं नाही तर बाहेरून शिकावं.

पेडण्यातल्या मोपा विमानतळाचं उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ ला झालं, ५ जानेवारी २०२३ पासून विमानं सुरू झाली. मुलांच्या मते तिथे तीनच नोकऱ्या : पायलट, एअर होस्टेस, सिक्युरिटी. धुक्यात किती मीटरपर्यंत दिसतं ते मोजणारा, धावपट्टीचे दिवे सांभाळणारा, पक्षी दूर ठेवणारा, आग विझवायच्या फेसाचं मिश्रण जाणणारा, हे कोणी मोजतच नव्हतं. आत जायची परवानगी मिळेना. मग वारा कुठून येतो आणि विमान कुठल्या दिशेने चढतं, हे मुलांनी महिनाभर शाळेच्या मैदानातून टिपलं. विमान वाऱ्याच्या तोंडावर का उडतं, याला परवानगी लागत नाही.

८. भागीदारी म्हणायचं तर शाळेनेही काही द्यावं.

डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधन सोडून १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला गेले आणि विज्ञान आश्रम काढला. तिथली मुलं शिकता शिकता गावाची कामंही करतात. आम्ही मात्र कायम हात पसरून जायचो. बस द्या, वेळ द्या, समोसे द्या.

ते बदललं एका प्रश्नामुळे. खाणपट्ट्यातल्या गावाच्या एका मुलीने एका भूवैज्ञानिकांना विचारलं होतं, ‘खड्ड्यातलं पाणी उपसलं की आमची बांय कित्याक आटता?’ म्हणजे आमची विहीर का आटते? ते खोलीत उत्तर देऊ शकले असते. म्हणाले, ‘मोजलं आहे का कोणी?’ पुढच्या शनिवारी स्वतःच्या मोटरसायकलवर आले, दोरीला दर फुटाला गाठ मारायला शिकवलं, टोकाला धोंडा बांधला. तेव्हापासून मुलं दर महिन्याला वाड्यावरच्या विहिरींचं पाणी किती खोल आहे ते लिहितात. पहिल्या तुकडीने वही दुसरीला दिली, दुसरीने तिसरीला. भूवैज्ञानिक आता पावसाळ्याआधी तीच वही मागायला शाळेत येतात, झेरॉक्स काढून नेतात. या मे महिन्यात दोन विहिरींना दोरी पुरली नाही. मुलांनी गाठी वाढवल्या.