फोनच्या पलीकडची रांग

दोन वर्षांपूर्वी मार्च महिन्यातली गोष्ट. आमच्या महाविद्यालयात बी.एस्सी.ची प्रात्यक्षिक परीक्षा दोन दिवसांवर आली होती. प्रयोगशाळेतल्या संगणकाची हार्ड डिस्क बिघडली, म्हणून आम्ही ती बदलली. पण त्यानंतर उपकरणाची मोजमापे नोंदवून आलेख काढणारे सॉफ्टवेअर चालेना. परवाना जुन्या हार्ड डिस्कशी जोडलेला होता. तो नवीवर आणायचा तर कंपनीच्या माणसाशी बोलणे भाग होते.

मी फोन लावला. स्वागत झाले. भाषेसाठी एक कळ, खरेदीसाठी १, बिलासाठी २, तांत्रिक मदतीसाठी ३... मी ३ दाबले. मग संगीत सुरू झाले. दर मिनिटाला एक गोड आवाज सांगे, ‘आमचे सर्व प्रतिनिधी व्यस्त आहेत. कृपया प्रतीक्षा करा.’ चाळीस मिनिटांनी फोन आपोआप तुटला. तेवढ्यात आमचे प्रयोगशाळा सहायक धावत आले. त्यांना इंटरनेटवर त्याच कंपनीच्या नावाचा दुसरा क्रमांक सापडला होता. ‘मॅडम, हा लगेच लागतो!’

खरोखरच पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला. तिथे पुढे काय झाले ते लेखाच्या शेवटी सांगते. त्याआधी दोन प्रश्नांचा विचार करू. आपण दाबलेली कळ दूरच्या यंत्राला कळते कशी? आणि ही रांग इतकी लांबते का?

कळ दाबली की काय होते?

तुमच्या आजोबांच्या काळी फोनला भोकांची गोल तबकडी असे. ५ फिरवले की तारेतला विद्युतप्रवाह पाच वेळा तुटे आणि टेलिफोन केंद्रातले यंत्र ते खंड मोजी. परंतु हे खंड केंद्रापर्यंतच उपयोगाचे होते. पलीकडच्या माणसापर्यंत पोचतो तो फक्त आवाज. मग कळेची खूण दूरवर न्यायची असेल तर तिचाच आवाज केला तर?

अमेरिकेतल्या बेल कंपनीने १९६३ साली असे कळांचे फोन ग्राहकांना देण्यास सुरुवात केली. यात प्रत्येक कळ दाबली असता एकाच वेळी दोन स्वर उमटतात : एक आडव्या ओळीचा, एक उभ्या स्तंभाचा. त्यांच्या कंप्रता, म्हणजे दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या, अशा आहेत :

आडव्या ओळी : १-२-३ साठी ६९७ हर्ट्झ, ४-५-६ साठी ७७०, ७-८-९ साठी ८५२ आणि शून्य असलेल्या ओळीसाठी ९४१.
उभे स्तंभ : १-४-७ साठी १२०९ हर्ट्झ, २-५-८ साठी १३३६ आणि ३-६-९ साठी १४७७.

म्हणजे मी ३ दाबले तेव्हा ६९७ आणि १४७७ हर्ट्झचे स्वर एकत्र गेले. टेलिफोनची तार साधारणपणे ३०० ते ३४०० हर्ट्झपर्यंतचे आवाज वाहून नेते. हे सगळे स्वर त्याच पट्ट्यात बसतात, म्हणून जिथे बोलणे पोचते तिथे कळही पोचते.

पण दोनच स्वर का? कारण एकच स्वर असता तर कोणी शीळ घातली तरी यंत्र फसले असते. शीळ एका वेळी एकच स्वर देते. शिवाय हे आकडे मुद्दाम ओबडधोबड निवडले आहेत. यातील कोणतीही कंप्रता दुसरीच्या दुप्पट किंवा तिप्पट नाही. आपल्या बोलण्यात मूळ स्वराबरोबर त्याच्या पटीतले स्वर मिसळलेले असतात. त्यामुळे बोलता बोलता चुकून ‘कळ’ दाबली जाण्याचा संभव फार थोडा राहतो.

मोबाईलमध्ये थोडा फरक आहे. तिथे बोलणे आकड्यांत रूपांतरित करून दाबून बसवतात. ही पद्धत माणसाच्या आवाजासाठी घडवलेली असल्याने तीत शुद्ध स्वर बिघडू शकतात. म्हणून मोबाईल ‘३ दाबले’ एवढा निरोपच पाठवतो, आणि मोबाईलचे जाळे पुढे गरजेप्रमाणे तो स्वर तयार करते.

रांग का लांबते?

आता दुसरा प्रश्न. आपण म्हणतो, ‘कंपनीने माणसेच कमी ठेवली आहेत.’ यात तथ्य असते. पण पूर्ण उत्तर त्याहून मनोरंजक आहे.

समजा, मदतीला एकच प्रतिनिधी बसला आहे आणि प्रत्येकाशी बोलायला त्याला सरासरी ६ मिनिटे लागतात. म्हणजे तासाला तो १० जणांना उत्तरे देऊ शकेल. तासाला ९ जण फोन करत असतील तर? तुम्ही म्हणाल, ९ हे १० पेक्षा कमी, मग रांग कशाला लागेल?

लोक घड्याळ लावून, नेमक्या सारख्या अंतराने आले असते आणि प्रत्येक जण बरोबर ६ मिनिटेच बोलला असता, तर रांग मुळीच लागली नसती. परंतु लोक यदृच्छेने येतात. कधी वीस मिनिटे कोणी नाही, तर कधी पाच मिनिटांत चौघे. कोणाचे काम एका मिनिटात होते, कोणाला वीस मिनिटे लागतात. कोणी नसताना प्रतिनिधीची जी मिनिटे रिकामी गेली ती त्याला पुढे वापरता येत नाहीत. साठवता न येणारा हा वेळच रांग निर्माण करतो.

हा विचार प्रथम पद्धतशीरपणे मांडला तो डेन्मार्कचे गणितज्ञ आग्नेर क्रारूप एर्लांग (१८७८-१९२९) यांनी. १९०८ साली ते कोपनहेगन टेलिफोन कंपनीत नोकरीस लागले. फोन यदृच्छेने येतात असे धरून किती तारा आणि किती माणसे लागतील, हे काढण्याची सूत्रे त्यांनी १९०९ आणि १९१७ च्या निबंधांत दिली. टेलिफोन वाहतुकीच्या एककाला आज ‘एर्लांग’ म्हणतात ते त्यांच्याच नावावरून.

एका प्रतिनिधीसाठीचे सूत्र सोपे आहे. प्रतिनिधीच्या वेळेपैकी जो अंश बोलण्यात जातो त्याला ‘व’ म्हणू, म्हणजे व्यस्तता. मग

रांगेतली सरासरी प्रतीक्षा = बोलण्याचा सरासरी वेळ × व ÷ (१ − व)

याची सिद्धता पुढे पदवीच्या वर्गात भेटेल. आज आकडे घालून पाहू. बोलणे ६ मिनिटांचे आहे.

तासाला ५ फोन : व = ०.५, प्रतीक्षा ६ मिनिटे
तासाला ८ फोन : व = ०.८, प्रतीक्षा २४ मिनिटे
तासाला ९ फोन : व = ०.९, प्रतीक्षा ५४ मिनिटे
तासाला साडेनऊ फोन : व = ०.९५, प्रतीक्षा ११४ मिनिटे

पाचाचे आठ झाले तेव्हा प्रतीक्षा १८ मिनिटांनी वाढली. नवाचे साडेनऊ झाले तेव्हा तब्बल तासाने! व जसजसा १ च्या जवळ जातो तसतसा छेद शून्याकडे जातो, आणि आलेख भिंतीसारखा उभा चढतो.

मग एक माणूस वाढवत का नाहीत?

वाढवला तर फरक खूपच पडतो. समजा, तासाला १५ फोन येतात आणि बोलणे ६ मिनिटांचे आहे. एकूण काम ९० मिनिटांचे, म्हणजे दीड एर्लांग. दोन प्रतिनिधी एकाच रांगेतून फोन घेत असतील तर एर्लांगच्या सूत्राने सरासरी प्रतीक्षा सुमारे पावणेआठ मिनिटे येते. तिसरा बसवला तर ती एका मिनिटाच्याही आत येते. मात्र तेव्हा प्रत्येक प्रतिनिधी निम्मा वेळ रिकामा बसतो, आणि त्या वेळेचाही पगार द्यावा लागतो. ग्राहकाचा वेळ कंपनीच्या हिशोबाच्या वहीत दिसत नाही. पगार मात्र दिसतो. म्हणून आपल्याला संगीत ऐकावे लागते.

करून पहा

दोन फासे घ्या, एक तांबडा आणि एक निळा. प्रत्येक फेरीत दोन्ही टाका. तांबड्यावर १, २ किंवा ३ पडले तर रांगेत एक खडा ठेवा. निळ्यावर १ ते ५ यांपैकी काही पडले तर रांगेतला एक खडा उचला; रांग रिकामी असेल तर ती संधी वाया गेली. १०० फेऱ्या करा आणि प्रत्येक फेरीनंतर रांगेतील खडे नोंदवा. मग निळ्याचा नियम १ ते ४ करा, आणि शेवटी १ ते ३. तिन्ही आलेख एकाच कागदावर काढा. येणारे आणि जाणारे ‘सरासरीने सारखे’ असले की रांगेचे काय होते, हे तुमच्या डोळ्यांसमोर येईल. शिक्षकांनी वर्गाचे गट पाडून सर्वांची सरासरी काढल्यास निष्कर्ष अधिक स्पष्ट होतील.

माणसापर्यंत पोचायचे कसे?

वरील गणितातूनच काही व्यावहारिक गोष्टी निघतात.

एक : वेळ निवडा. व थोडा कमी असला तरी प्रतीक्षा पुष्कळ कमी होते. कार्यालय उघडताच फोन केला तर मागची रांग साचलेली नसते.

दोन : योग्य कळ दाबा. सूचना संपेपर्यंत ऐका. चुकीच्या रांगेत शिरलात तर तिथली प्रतीक्षा संपल्यावर दुसऱ्या रांगेच्या टोकाला उभे राहावे लागते. काही ठिकाणी ० दाबले की माणूस येतो, काही ठिकाणी ‘प्रतिनिधी’ असे स्पष्ट म्हटले की येतो. तबकडीचे फोन होते तेव्हा ते वापरणाऱ्यांना ‘काही दाबू नका, थांबा’ असे सांगत. आजही काही यंत्रे गप्प राहणाऱ्याला माणसाकडे पाठवतात, तर काही सरळ फोन तोडतात.

तीन : अधीर होऊन फोन ठेवू नका. ठेवला की रांगेतली जागा गेली. ‘आम्हीच तुम्हाला फोन करू’ अशी सोय असेल तर ती घ्या. तिने रांग आखूड होत नाही, पण तुमची जागा राहते आणि हात मोकळे होतात.

चार : परवाना-क्रमांक, पडद्यावरची सूचना आणि आपण काय काय करून पाहिले, हे कागदावर लिहून मगच फोन लावा. यात परोपकारही आहे. तासाला ९ फोन येत असताना बोलणे ६ ऐवजी ५ मिनिटांचे झाले, तर व ०.७५ होतो आणि प्रतीक्षा ५४ वरून १५ मिनिटांवर येते. प्रत्येकाने एकच मिनिट वाचवले, पण रांगेतल्या प्रत्येकाची एकोणचाळीस मिनिटे वाचली!

पहिल्याच घंटीला उचललेला फोन

आता त्या दुसऱ्या क्रमांकाकडे येऊ. पलीकडचा गृहस्थ फार अदबीने बोलत होता. त्याने मला एक ॲप संगणकावर घ्यायला सांगितले, म्हणजे आमचा पडदा त्याला दिसेल. मग ‘नोंदणीसाठी फक्त दहा रुपये’ पाठवायचे होते. परीक्षा डोक्यावर असल्याने माझा हात माऊसकडे गेलाही. त्याच संगणकावर आमच्या विभागाचे बँकेचे व्यवहार होत असत.

तेवढ्यात एक प्रश्न मनात आला. नळीने जोडलेल्या दोन भांड्यांत पाण्याची पातळी सारखी होते. एकाच कंपनीचे, एकाच कामाचे दोन क्रमांक सर्वांना खुले असतील तर लोक लांब रांगेतून आखूड रांगेकडे वळतील, आणि प्रतीक्षा सारखी होत जाईल. मग एकीकडे चाळीस मिनिटे आणि दुसरीकडे शून्य, हे कसे? याचा अर्थ ही भांडी जोडलेलीच नव्हती. हा क्रमांक त्या कंपनीचा नव्हता. मी फोन ठेवला.

लगेच लागणारा प्रत्येक क्रमांक खोटा असतो असे मात्र समजू नका. चांगली सेवा देणारे लोकही आहेत. पण मदत-क्रमांक नेहमी वस्तूच्या खोक्यावरून, बिलावरून किंवा सॉफ्टवेअरमधल्याच ‘मदत’ या भागातून घ्यावा. फोनवरच्या अनोळखी माणसाला पडदा दाखवू नये, ओटीपी सांगू नये. फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडण्याच्या वेळी, परवान्याच्या पत्रावरचा क्रमांक मी लावला. सर्व माहिती कागदावर लिहून ठेवली होती. थोड्याच वेळात एक मुलगी बोलू लागली; काम पाच मिनिटांत झाले आणि परीक्षा वेळेवर पार पडली. दिवसभर वैतागलेल्या माणसांशी बोलणाऱ्या त्या मुलीला मी ‘आभारी आहे’ म्हटले, तेव्हा ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, ‘धन्यवाद मॅडम, असं कोणी म्हणत नाही.’ एर्लांगच्या सूत्रात या वाक्याला जागा नाही, पण आपण ती ठेवावी.

स्वाध्याय

१. एका कळेचे स्वर ८५२ आणि १३३६ हर्ट्झ आहेत. ती कळ कोणती?
२. एकच प्रतिनिधी, बोलणे ६ मिनिटांचे, तासाला ७ फोन. सरासरी प्रतीक्षा किती?
३. तासाला २० फोन आणि प्रत्येकी ९ मिनिटे बोलणे. हे किती एर्लांग झाले? रांग सतत वाढत जाऊ नये म्हणून निदान किती प्रतिनिधी हवेत?

(उत्तरे : १. आठ. २. १४ मिनिटे. ३. तीन एर्लांग, निदान चार प्रतिनिधी. तीन का पुरणार नाहीत, ते फाशांच्या प्रयोगावरून सांगा.)