मोबाईल हिसकावणे हा उपचार नव्हे

दहावी-बारावीच्या मुलांना घेऊन पालक दवाखान्यात येतात. तक्रार डोकेदुखीची, जागरणाची, चिडचिडीची असते. जाता जाता हळूच विचारतात, "डॉक्टरसाहेब, याचा मोबाईल सुटेल अशी एखादी गोळी द्या ना." अशी गोळी नाही. उपचार आहे, पण तो बोलण्याचा आहे.

मोबाईल पाहणारे प्रत्येक मूल व्यसनी नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचीत मोबाईल-संगणकावरील खेळांचा विकार आहे, समाजमाध्यमांचा स्वतंत्र विकार नाही. तरी त्यातली कसोटी येथे उपयोगी पडते. ठरवूनही थांबता येत नाही, अभ्यास, झोप, मित्र सारे मागे पडते आणि नुकसान दिसत असूनही चालूच राहते, असे बरेच महिने असेल तर दखल घ्यावी.

हे मटक्यासारखे असते. कधी लागते, कधी नाही, म्हणूनच हात पुन्हा पुन्हा तिकडे जातो.

मानसोपचारात पहिल्या आठवड्यात मोबाईल बंद करीत नाहीत. वही देतात. हातात घेतला तेव्हा किती वाजले होते, त्याआधी काय घडले, मनात काय आले, एवढेच लिहायचे. त्यातून खरे कारण बाहेर येते. एखाद्या मुलीला वर्गात कोणी विचारत नाही, एखाद्याला गणिताची धास्ती असते. 'माझ्या फोटोला कोणी दाद दिली नाही, म्हणजे मी कुणालाच नको' हा विचार खरा की खोटा, हे समुपदेशक त्या मुलाकडूनच तपासून घेतो. इच्छा झाली की दहा मिनिटे थांबायचे. बहुधा लाट ओसरते. झोपण्याच्या खोलीत मोबाईल न्यायचा नाही, गजराला साधे घड्याळ घ्यावे. रिकामा झालेला वेळ मात्र कबड्डीने, सायकलने भरावा लागतो, नाहीतर सारे व्यर्थ. परीक्षेच्या ताणात सवय परत उसळते; तेव्हा रागावू नये, वही पुन्हा काढावी.

नियम वडिलांनाही लागू हवा. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ मध्ये सायंकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टी.व्ही. व मोबाईल बंद ठेवण्याची प्रथा सुरू झाली, ती साऱ्या गावासाठी, केवळ मुलांसाठी नव्हे.

आपल्या भागातली एक गोष्ट मला फार खटकते. मुलीच्या हाती मोबाईल सापडला की तिची शाळा बंद होते आणि स्थळे पाहायला सुरुवात होते. हा उपचार नाही, आणि अठराच्या आत लग्न लावणे हा गुन्हा आहे.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करावी. १४४१६ या 'टेलिमानस' क्रमांकावर मराठीतून, विनामूल्य, दिवसरात्र बोलता येते. मूल जेवत नसेल, एकटे बसत असेल किंवा जगण्याचा कंटाळा आला असे म्हणत असेल, तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे आणा.