अकरा नंबरचा बावटा

आधीच कबूल करते, माझी शाळा कॉन्व्हेंट. मराठीचा अभ्यास पास होण्यापुरता! त्यामुळे 'बावटा' हा शब्द मला थेट हॉस्टेलवर आल्यावर कळला. माझी रूममेट देवगडची, तिच्या काकांचा ट्रॉलर आहे. मे महिन्यात पी.एल. चालू असताना तिला घरून फोन आला. फोन ठेवून ती म्हणाली, "तीन नंबरचो बावटो लागलो." मी विचारलं, "कुठला पेपर?" अख्खी विंग आठवडाभर हसत होती.

तर बावटा म्हणजे बंदरावर चढवलेली धोक्याची खूण. हवामान खातं कळवतं, बंदर चढवतं. दिवसा शंकू आणि नळकांड्यासारखे आकार, रात्री लाल-पांढरे दिवे. नंबर १ ते ११. एक आणि दोन म्हणजे दूर समुद्रात काहीतरी शिजतंय. तीन आणि चार म्हणजे बंदरालाच वाऱ्याचा धोका. पाच ते दहा वादळाचे, चढत्या धोक्याचे. मग अकरा म्हणजे सगळ्यात भयंकर वादळ, असं मला वाटलं. चूक! अकराचा अर्थ : हवामान केंद्राशी संपर्क तुटला आहे. वारा किती, वादळ कुठे, काहीच माहीत नाही. दहाच्याही वर त्याला जागा दिली आहे, हे मला फार पटलं.

मग नादच लागला. हवामान खात्याची आणि हैदराबादच्या 'इन्कॉइस' ह्या संस्थेची समुद्राची बुलेटिन्स वाचायला लागले. सुरुवातीला डोक्यावरून जातात, पण फ्लुइड मेकॅनिक्स बरं असेल तर मजा येते. वारा नॉटमध्ये देतात, १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किमी. ३४ नॉटला, म्हणजे ताशी साधारण ६२ किमीला 'चक्रीवादळ' म्हणतात आणि तेव्हाच त्याला नाव मिळतं. एवढा वेग तर आपल्या एस.टी.चा असतो, असं म्हणाल. पण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट, तर दाब चौपट. ६४ नॉटचं 'अतितीव्र' वादळ म्हणून वेगळंच प्रकरण असतं.

लाटेच्या उंचीत तर सगळे फसतात. बुलेटिनमध्ये ३ मीटर लिहिलं असेल, तर ती सगळ्यात उंच लाट नव्हे. सगळ्यात मोठ्या एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. म्हणजे त्याच समुद्रात एखादी लाट जवळजवळ ६ मीटरची येऊ शकते, आणि बोट उलटायला एकच पुरते.

आणि लाटेचा पिरियड. खोल पाण्यात लाटांचा गट सेकंदाला साधारण ०.७८ गुणिले पिरियड इतके मीटर जातो. १८ सेकंदांची लाट घ्या : सेकंदाला १४ मीटर, ताशी ५० किमी. दक्षिण हिंदी महासागरात ५००० किमी लांब वादळ झालं, तर त्याच्या लाटा चार दिवसांनी केरळला येऊन थडकतात, तिथे आकाश स्वच्छ असताना! तिकडे ह्याला 'कल्लक्कडल' म्हणतात, म्हणजे चोर समुद्र.

एवढं सगळं गणित येत असताना माणसं का मरतात? इथे मी रूममेटकडे वळते, कारण २०१७ साली ती सातवीत होती आणि तिने 'ओखी' बंदरावर पाहिलं.

२९ नोव्हेंबर २०१७ ला श्रीलंकेजवळ कमी दाबाचा पट्टा तीव्र होऊन डिप्रेशन झालं. ३० ला सकाळी ते कन्याकुमारीजवळ चक्रीवादळ होतं. मध्ये जेमतेम चोवीस तास. केरळ आणि कन्याकुमारीचे मच्छीमार खोल समुद्रात कित्येक दिवसांसाठी जातात, ते केव्हाच निघून गेले होते. किनाऱ्यापासून १०-१५ किमीच्या पुढे मोबाइल संपतो. व्ही.एच.एफ. त्याच्या थोडं पुढे जातो, मग पृथ्वीची गोलाई आडवी येते. इशारा निघाला, पण त्यांच्यापर्यंत जाणार कसा? त्यांच्यासाठी तो अकरा नंबरच होता. शेकडो माणसं गेली. वाचलेल्यांपैकी ६८ बोटी, ९५२ माणसं, वाट काढत देवगडला लागल्या. रूममेट म्हणते, बंदर अनोळखी बोटींनी भरलं होतं अन् त्यांची भाषा कोणालाच येत नव्हती. चहा मात्र सगळ्यांना कळत होता.

उलटं उदाहरण 'तौक्ते'चं, मे २०२१. ह्या वेळी अंदाज काही दिवस आधीपासून होता आणि बराचसा बरोबर निघाला. तरीही मुंबईच्या समुद्रात तेलक्षेत्राजवळ थांबलेलं पी-३०५ हे बार्ज अडीचशेहून जास्त माणसांसह वादळात सापडलं. नांगर तुटले आणि १७ मेला ते बुडालं. साठहून जास्त माणसं गेली. इथे रेंजचा प्रश्न नव्हता. इशारा पोचला होता. पोचल्यानंतर काय झालं, त्याचं समीकरण आपल्या कुठल्याच पुस्तकात नाही.

रेंजवर मात्र काम झालं आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये 'जेमिनी' नावाचा छोटा डबा आला. तो गगन उपग्रहाचा संदेश पकडतो आणि ब्लूटूथने मोबाइलवर टाकतो. पण एकतर्फी : बोटीला ऐकू येतं, बोलता येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला दुतर्फी ट्रान्सपाँडरची योजना सुरू झाली, तेरा किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश मिळून एक लाख बोटींसाठी. संकटात बोटीलाही हाक मारता येते.

काकांच्या बोटीवर तो लागला का, म्हणून परवा रूममेटला विचारलं.

"लागलो हा," ती म्हणाली. "पण काको अजून जाताना आधी बावटोच बघता."